हातमोज्यांचं वेळापत्रक

वर्षभराच्या पावसाचा नुसता आकडा पाहिला तर मुंबई आणि नॉर्वेतलं बर्गन या सख्ख्या बहिणी वाटाव्यात. दोन्हीकडे साधारण सव्वादोन ते अडीच हजार मिलिमीटर. बर्गनच्या पावसामागचं कारण कोकणातल्या माणसाला समजावून सांगायला नको. पश्चिमेच्या समुद्रावरून आलेली ओली हवा डोंगरांना अडते, वर चढते, निवते आणि रिकामी होते. आपल्याकडे सह्याद्री, तिथे शहराभोवतीचे सात डोंगर. त्यातला सगळ्यात उंच उलरिकेन, ६४३ मीटरचा. फरक आहे तो वाटपात. मुंबई चार महिन्यांत सगळा हिशेब चुकता करून मोकळी होते. बर्गनमध्ये तोच पाऊस वर्षातल्या दोनशेहून जास्त दिवसांवर पसरलेला असतो, आणि सप्टेंबर ते जानेवारी हा त्यातला सगळ्यात ओला काळ. २९ ऑक्टोबर २००६ पासून २१ जानेवारी २००७ पर्यंत तिथे रोज पाऊस पडला. सलग ८५ दिवस. शरदातली सुट्टी संपल्यावर लागला, नाताळ ओलांडला आणि पुढच्या सत्रात शिरला.

पावसाची सुट्टी ही कल्पना या शहरात कुणाच्या डोक्यातही येत नाही. वादळाचा लाल इशारा आला तर गोष्ट वेगळी. डोंगर इथेही खचतात. मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला त्याच २००५ साली, १४ सप्टेंबरला, बर्गनमध्ये दीडशेहून जास्त मिलिमीटर पडला, वस्तीवर दरड आली आणि माणसं गेली. पण असे दिवस मोजके. शिक्षकाला हिवाळाभर तोंड द्यायचं असतं ते रोजच्या बारीक, आडव्या, न थांबणाऱ्या पावसाला. प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्याच्या हिवाळ्यात अभ्यासक्रम जेवढी जागा घेतो तेवढीच ओल घेते, आणि ज्याला हे ऑक्टोबरात उमगतं त्याचा जानेवारी बरा जातो.

आधी तापमानाबद्दल. साठ अंश उत्तर अक्षांश म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे बर्फ येतो. पण समुद्रातल्या उबदार प्रवाहामुळे बर्गनचं बंदर गोठत नाही, आणि जानेवारीची सरासरी शून्याच्या एक-दोन अंश वरच राहते. ऐकायला हे सुदैव वाटतं, शाळेच्या दृष्टीने ते तसं नाही. उणे दहाचा कोरडा बर्फ झटकला की पडतो. अधिक तीनचा पाऊस वाऱ्यासकट मनगटातून, मानेतून, बुटाच्या तोंडातून आत येतो आणि आतच राहतो. लहान मूल उणे दहात तासभर मजेत खेळतं. अधिक तीनमध्ये भिजलं तर वीस मिनिटांत कुडकुडायला लागतं.

आणि खेळायला बाहेर जायचंच असतं. मधली सुट्टी मैदानात, हवा कशीही असो, हा बहुतेक शाळांचा नियम. पिवळं जाकीट घालून पहाऱ्यावर उभे असलेले शिक्षकही त्याच पावसात. छत्री फार कुणी धरत नाही. वाऱ्याने ती उलटते, आणि शिक्षकाला दोन्ही हात मोकळे लागतात.

कपड्यांचे थर तीन. अंगालगत लोकर, मध्ये लोकर किंवा फ्लीस, वर पाणी न शिरणारा रेनसूट. सुती कापडाला यात जागा नाही. सूत पाणी पितं, अंगाला चिकटतं आणि अंगातली ऊब ओढून घेतं. लोकर पुष्कळ ओल पोटात घेऊनही अंगाला ओली लागत नाही. भारतातून नुकत्याच आलेल्या कुटुंबातलं मूल पहिल्या आठवड्यात ओळखू येतं ते इथेच. जाड सुती बनियन, त्यावर स्वेटर, त्यावर महागडं फुगीर जाकीट. दुकानात ते सगळ्यात उबदार दिसतं म्हणून घेतलेलं असतं. तासभराच्या पावसात ते पाणी शोषून जड होतं आणि दोन दिवस वाळत नाही. शिवाय आई-बाबांची काळजी वेगळीच: भिजलास तर सर्दी होईल, आजचा दिवस आत बसव. शाळा आत बसवत नाही. मग वर्गशिक्षकाने पालकसभेत सगळ्यांनाच उद्देशून, कुणा एकाकडे न बघता, यादी वाचून दाखवायची. हे कौशल्य अध्यापनाच्या कुठल्या पदविकेत शिकवत नाहीत.

रेनसूट घालण्यातही खाचाखोचा आहेत. पॅंटच्या पायाशी एक रबरी पट्टा असतो, तो बुटाच्या तळाखालून घ्यायचा. म्हणजे पॅंट बुटाच्या बाहेर राहते. पॅंट बुटात खोचली की कमरेपासून ओघळलेलं सगळं पाणी सरळ बुटात. हातमोज्याचंही तसंच: मोजा जाकिटाच्या बाहीच्या आत, बाही वर. उलट केलं तर बाहीवरून वाहणारं पाणी मोज्यात साठतं आणि मूल बोटं हलवत तक्रार घेऊन येतं. पण हेच मूल चढायच्या जाळीवर हात वर करून लटकलं की पाणी उलट्या दिशेने कोपरापर्यंत जातं. यावर उपाय म्हणजे मनगटावर घट्ट बसणारी लोकरीची आतली बाही. बूट अर्धा ते एक नंबर मोठा, आत लोकरीचा मोजा. घट्ट बुटात जाड मोजा कोंबला तर हवेला जागा उरत नाही आणि पाय जास्तच गारठतो.

पहिलीच्या वर्गाला हे सगळं चढवायला नोव्हेंबरात पंधरा-वीस मिनिटं लागतात, म्हणजे सुट्टीपेक्षा तयारीच मोठी. क्रम ठरवून दिला तर वेळ निम्म्यावर येतो. आधी शौचालय, हे विसरलं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. मग पायमोजे आतल्या पॅंटवर ओढायचे, मग रेनपॅंट, मग बूट, मग पट्टे, मग जाकीट, टोपी, आणि हातमोजे सगळ्यात शेवटी, कारण मोजे घातलेल्या हाताने चेन लागत नाही. जुने शिक्षक या क्रमाची चित्रं दाराशी लावतात आणि स्वतः कुणाचीही चेन लावून देत नाहीत. नवा शिक्षक पहिल्या आठवड्यात प्रेमाने बावीस चेना लावतो, मग मार्चपर्यंत लावतच राहतो.

सुट्टी संपली की खरी कसोटी. दाराशी वाळवणीचं कपाट असतं: माणसाच्या उंचीचं, तळाशी हीटर आणि पंखा, वर ओली हवा बाहेर नेणारी नळी. बालवाडी आणि लहान वर्गांच्या इमारतीत याच्याइतकं महत्त्वाचं यंत्र दुसरं नाही, संगणक धरूनसुद्धा. आणि ते वापरायला येत नाही म्हणून निम्मे हातमोजे दुपारी ओलेच निघतात. ठिबकणारे रेनसूट त्यात कोंबणं ही नेहमीची चूक. एका सूटवरचंच पाणी एवढं असतं की कपाट ते वाळवण्यात दमतं आणि आतल्या लोकरीला वाफ मिळते. रेनसूट खुंटीवर, खाली जाळी, नुसता निथळू द्यायचा. तो आतून ओला नसेल तर त्याला कपाटाची गरजच नाही. कपाटात पहिला मान हातमोज्यांचा, तेही उलटे करून, अस्तर बाहेर. मग टोपी, मग पायमोजे. बुटातली पायतळी काढून वेगळी ठेवायची, बूट तोंड खाली करून खुंटीवर. रबरी बूट हीटरला टेकवला तर रबर तडकतं, आणि लोकरीचा मोजा फार तापवला तर आटून बाहुलीच्या मापाचा होतो, म्हणून उष्णता कमी आणि वेळ जास्त. दोन वस्तूंमध्ये हाताचा तळवा जाईल एवढी फट हवी. जाळीत केस, धागे आणि मैदानातली वाळू अडकते. ती दर आठवड्याला साफ केली नाही तर कपाट गरम होतं पण वाळवत नाही.

आता हिशेब बघा. पहिली सुट्टी दहाच्या सुमाराला, जेवणाची साडेअकराच्या आसपास. मध्ये दीड तास. पातळ विणलेला मोजा तेवढ्यात जेमतेम वाळतो. आत अस्तर असलेला जलरोधक मोजा वाळत नाही, कपाट कितीही चांगलं असो. म्हणून प्रत्येक मुलाचे निदान दोन जोड शाळेत हवेत, लहानांचे तीन. गणिताचा तास सुट्टीच्या आधी घ्यायचा की नंतर, हे शिक्षक गणितावरून ठरवत नाही. भिजून आलेल्या मुलांची बोटं पहिली दहा मिनिटं पेन्सिल नीट धरत नाहीत, तेव्हा सुट्टीनंतर आधी गोष्ट मोठ्याने वाचायची, मग लिखाण.

प्रत्येक वस्तूवर नाव. बावीस मुलांचा एकेकच जोड धरला तरी चव्वेचाळीस हातमोजे, त्यातले तीस काळे. नाव लिहिलेली पट्टी इस्त्रीने चिकटवलेली असेल तर ती कपाटाच्या उष्णतेने सुटते, म्हणून शिवलेली बरी. कायम टिकणाऱ्या शाईने आतल्या लेबलवर लिहिलेलं आणखी बरं.

नॉर्वेत एक वाक्य सारखं ऐकू येतं: खराब हवा नसते, खराब कपडे असतात. वाक्य टाळ्यांचं आहे, आणि शिक्षकाला त्याचा थोडा राग यायला हवा. मूल एका हिवाळ्यात एक माप वाढतं. लोकरीचे दोन संच, रेनसूट, दोन प्रकारचे बूट, मोज्यांचे तीन जोड, हे दरवर्षी नव्याने घेणं सगळ्या घरांना परवडत नाही, आणि ज्याला परवडत नाही तो ते बोलून दाखवत नाही. त्याचं मूल सुट्टीत भिंतीला टेकून उभं राहतं. दाराजवळ जादा कपड्यांची पेटी असते ती यासाठी. मागच्या वर्षीचे न नेलेले बूट, लहान झालेले सूट. पेटीतून कपडे देताना सगळ्यांसमोर विचारायचं नाही. मुलाच्या खुंटीवर गुपचूप अडकवून ठेवायचे. वाक्य म्हणणाऱ्यांनी एकदा ती पेटी भरून बघावी.

उजेडाचा प्रश्न वेगळा. २१ डिसेंबरच्या सुमाराला सूर्य पावणेदहाला उगवतो आणि साडेतीनच्या आत मावळतो. शाळा साडेआठच्या सुमाराला भरते. पहिला तास काळोखात, दुसऱ्यात खिडकीबाहेर काहीतरी करडं दिसायला लागतं. डोंगराच्या सावलीतल्या वस्त्यांत डिसेंबरभर ऊन पोचतच नाही, ढग नसले तरी. मुलं घरी निघतात तेव्हा संधिप्रकाश, शिक्षक निघतो तेव्हा पुन्हा काळोख. दिवसभराचं काम आतच असेल तर सोमवारपासून शुक्रवारपर्यंत दिवस दिसतच नाही. मैदानातला पहारा म्हणूनच पुष्कळ शिक्षक आनंदाने घेतात.

काळोखाचं पहिलं काम म्हणजे परावर्तक, दिव्याचा उजेड परत फेकणारा तुकडा. मोटारीचे दिवे खाली असताना गडद कपड्यातला माणूस चालकाला पंचवीस-तीस मीटरवरून दिसतो. परावर्तक लावलेला सुमारे १४० मीटरवरून. पण तो दप्तरावर लावून उपयोग नसतो, कारण दिव्याचा झोत खाली पडतो आणि मूल वळलं की दप्तर मागे जातं. गुडघ्याच्या उंचीवर, दोन्ही बाजूंना, लोंबता. लोंबता अशासाठी की हलताना चमकतो. वर्ग बाहेर नेताना सगळ्यांना पिवळी जाकिटं, पुढे एक मोठं माणूस, मागे एक, आणि मोजणी प्रत्येक रस्ता ओलांडल्यावर.

दुसरं काम त्रान, म्हणजे कॉड माशाच्या यकृताचं तेल. रोज ५ मिलिलिटर, त्यात १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व. इंग्रजीप्रमाणेच नॉर्वेजियनमध्येही सप्टेंबर ते एप्रिल या महिन्यांच्या नावांत ‘र’ येतो, आणि तेवढे महिने ते घ्यायचं अशी जुनी रीत आहे. शाकाहारी घरांना गोळ्यांचा पर्याय आहे. आपल्या त्वचेच्या रंगाला त्या उन्हात ड जीवनसत्त्व आणखी कमी मिळतं, तेव्हा मराठी माणसाने हे ‘आम्हाला चालत नाही’ म्हणून सोडू नये.

पावसाचा म्हणून नोव्हेंबर वाईट, असं बाहेरच्यांना वाटतं. शिक्षकाला विचाराल तर जानेवारी. दोन दिवस आकाश मोकळं होतं, जमीन गोठते, आणि तिसऱ्या दिवशी अटलांटिकवरून उबदार पाऊस येतो तो त्या गोठलेल्या जमिनीवर. मैदानाला काचेचा थर चढतो. खडी टाकली तरी पुढची सर ती वाहून नेते किंवा तिच्यावर नवा थर चढवते. अशा सकाळी सगळे बुटांना खिळ्यांचे पट्टे अडकवून येतात, आणि घसरून पडतात ते शाळेच्या दारातल्या फरशीवर, कारण बर्फात रुतणारा खिळा ओल्या फरशीवर नुसता सरकतो. पट्टे उंबऱ्याबाहेर काढायचे, बसून. मोकळ्या, थंड, वारा नसलेल्या दिवसांत आणखी एक गंमत होते: थंड हवा डोंगरांमधल्या खोऱ्यात खाली बसते, वर उबदार हवेचं झाकण, आणि मोटारींचा धूर रस्त्यापाशीच कोंडतो. पाऊस येऊन हवा धुऊन नेतो तेव्हा दमेकरी मुलांना बरं वाटतं.

बर्फ पडलाच तर वेळापत्रक तिथल्या तिथे मोडायचं. ‘शुक्रवारी घसरगुंडीला जाऊ’ म्हणणाऱ्याच्या वर्गाला शुक्रवारी चिखल मिळतो. घसरायच्या प्लॅस्टिकच्या फळ्या नोव्हेंबरातच मोजून कोठीत ठेवलेल्या असतील तर सकाळी नऊला वर्ग टेकडीवर पोचतो, आणि भाषेचा तास उद्याच्या पावसात घेता येतो.

पुष्कळ शाळांत आठवड्यातून किंवा पंधरवड्यातून एक दिवस रानातली शाळा असते. तिथे पेन चालत नाही, ओल्या कागदावरही पेन्सिल चालते. ताडपत्री दोन झाडांना बांधताना एक कोपरा मुद्दाम खाली ठेवायचा, नाहीतर मधोमध पाणी साठतं आणि ते नेमकं डबे उघडल्यावर खाली येतं. बसायला प्रत्येकाला फोमचा तुकडा. रानात आग पेटवायला १५ एप्रिल ते १५ सप्टेंबर मनाई असते, म्हणजे हिवाळ्यात मुभा, पण लाकूड ओलं. ओलं ओंडकं फोडलं तर आतला गाभा बहुधा कोरडा निघतो. तो अंगठ्याएवढा बारीक चिरायचा. बर्चची साल ओलीसुद्धा पेटते, मात्र ती पडलेल्या झाडाचीच घ्यायची, उभ्या झाडाची सोलली तर झाडाला इजा होते. जमिनीवर आधी दोन लाकडं आडवी टाकायची, कारण चिखलावर लावलेली आग स्वतःच्याच वाफेने विझते. मुलांच्या डब्यात तपकिरी पाव आणि चीज असतं. शाळेत जेवण शिजत नाही, त्यामुळे या आगीवरचा गरम सॉसेज किंवा साधा गरम पाण्यातला कोको म्हणजे मोठी चैन.

आणि नोव्हेंबरातलं पेपरकाकेचं शहर. मसाल्याच्या कडक बिस्किटांची घरं, चर्च, बोटी, आगगाड्या. बर्गनमध्ये १९९१ पासून शाळा, बालवाड्या, घरं आणि कंपन्या मिळून हे शहर दर नाताळाला उभं करतात. २००९ मध्ये उद्घाटनाच्या थोडं आधी कुणीतरी ते तोडून टाकलं होतं, तेव्हा गावाने घाईघाईने नवी घरं भाजून आणून दिली. वर्गाचं घर करायचं तर पाचवीच्या भूमितीला आयतं निमित्त मिळतं: आधी पुठ्ठ्यावर भिंतींचे नमुने, छपराच्या उताराचा कोन, मापं मिलिमीटरमध्ये. पीठ रात्रभर थंड जागी ठेवायचं. भिंत पाच मिलिमीटर जाड लाटायची, पातळ भिंत हवेतल्या ओलीने दोन दिवसांत वाकते. १७५ अंशांवर भाजून झाल्यावर तुकडे गरम असतानाच नमुन्याप्रमाणे पुन्हा कापायचे, कारण भट्टीत ते पसरलेले असतात. मग १०० अंशांवर तासभर नुसते सुकवायचे. ही शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि त्यांचंच छप्पर बसतं. जोडायला वितळलेली साखर क्षणात धरते, पण ती भाजते भयंकर, त्यामुळे मोठ्यांनीच हाताळायची, शेजारी गार पाण्याचं भांडं ठेवून. दमट हवेत ती ओल खेचून चिकट होते आणि सांधे सरकायला लागतात. अंड्याचा पांढरा आणि पिठीसाखर यांचं घट्ट मिश्रण वाळायला रात्र घेतं, पण टिकतं. शहाणे लोक सांध्याला साखर लावतात आणि आतल्या कोपऱ्यात, न दिसेल असं, मिश्रणाचा जाड पट्टा भरतात. राहिली वाहतूक: घर जाड पुठ्ठ्यावर चिकटवून झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात, आणि ट्राममध्ये मांडीवर. कागदी पिशवीतून, पावसातून नेलेल्या घरांची कहाणी थांब्यावरच संपते.

फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चच्या सुरुवातीला, वर्षाच्या नवव्या आठवड्यात, हिवाळी सुट्टी येते. तोवर दिवस दहा तासांच्या वर गेलेला असतो. आधीच्या शुक्रवारी प्रत्येक खुंटी रिकामी करायची, सगळं घरी. रेनसूट यंत्रात न टाकता अंघोळीच्या फवाऱ्याखाली धुवायचे, पाणी अडवणारा थर यंत्रात लवकर जातो. मालक नसलेले मोजे टेबलावर मांडायचे आणि जाता जाता प्रत्येकाला तिथून न्यायचं. तरी अर्धे उरतातच, त्यातही उजवे जास्त. ते जादा कपड्यांच्या पेटीत जातात. पेटी एप्रिलमध्ये माळ्यावर टाकायची नाही. १७ मेला राष्ट्रीय दिनाची मुलांची मिरवणूक असते, पारंपरिक पोशाखात, आणि त्या पोशाखांवर घालायला पारदर्शक रेनकोट लागतात, प्रत्येक वर्गाला चार-पाच तरी जास्तीचे.